नगरपालिकेच्या शाळा नेमक्या चालवतं कोण?

नदीकाठचा | ९ जानेवारी, रात्री ९:४०

डिसेंबरात नगरपालिकेच्या मतदानाला माझं केंद्र माझ्याच जुन्या शाळेत आलं. शाळा क्रमांक ४. तीस वर्षांनी आत पाऊल टाकलं. आमच्या वेळी चौथीला दोन तुकड्या होत्या आणि दोन्ही भरून वाहायच्या. आता पहिली ते चौथी मिळून पट ३८. मागच्या दोन खोल्यांना कुलूप, छपराचे पत्रे सरकलेले. फळ्यावर मात्र सुंदर अक्षरात सुविचार आणि उपस्थिती लिहिलेली होती. ते अक्षर बघून राहवलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीपासून विचारत फिरलो.

प्रभागातले एक उमेदवार म्हणाले, "शाळा म्हणजे जिल्हा परिषद." शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आम्ही नगरपालिकेचे." नगरपालिकेत गेलो तर तिथल्या लिपिकाने सांगितलं की शाळांचं प्रशासन अधिकारी बघतात. प्रशासन अधिकाऱ्यांचं पद रिकामं, कार्यभार ज्यांच्याकडे आहे ते दुसऱ्या तालुक्याला बसतात आणि आठवड्यातून एकदा येतात. छपराचं कोण बघणार याचं उत्तर कुठेच मिळालं नाही.

आमचं गाव ब वर्गाचं, म्हणजे चाळीस हजार ते एक लाखाच्या मधलं. गावाचं नाव लिहीत नाही, शाळेतल्या माणसांना त्रास नको. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या शाळा चालवतं कोण, पैसा कुठून येतो, आणि तिथली मुलं शिकतात की नाही हे गावाला कळायचं कसं. मराठी शाळा संपल्या म्हणून गळा काढायला हा धागा नाही. माहीत असेल ते सांगा.

---

सानिकाची_आई | ९ जानेवारी, रात्री १०:१५

माहिती नाही, अनुभव आहे. तो सांगते.

आमच्या घरापासून नगरपालिकेची शाळा दोन मिनिटांवर आहे. तरी सानिका खासगी शाळेत जाते. लोकांना वाटतं इंग्रजीसाठी घातली. खरं कारण वेगळं आहे. ती तीन वर्षांची झाली तेव्हा मी कामाला लागले होते आणि तिला चार तास कुठेतरी सुरक्षित ठेवायचं होतं. नगरपालिकेच्या शाळेत पहिलीपासून प्रवेश. अंगणवाडी आमच्या भागात नाही. खासगी शाळेत नर्सरी होती, तिथे घातली. तीन वर्षांनी पहिलीची वेळ आली तेव्हा तिच्या मैत्रिणी, तिच्या बाई, रिक्षावाले काका सगळे तिथलेच. कोण काढेल मुलाला?

त्या शाळेच्या बाई दर एप्रिलमध्ये घरोघर फिरतात, आमच्याकडेही आल्या होत्या. त्यांना पाणी दिलं आणि मान खाली घालून नाही म्हटलं. त्या आल्या तीन वर्षं उशिरा.

---

आबा_मास्तर | १० जानेवारी, सकाळी ६:५०

मी नगरपालिका शाळांत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. नदीकाठचा यांना ज्यांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली ते सगळेच अर्धं खरं बोलले. थोडं मागे जाऊन सांगतो.

मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी आणलेल्या कायद्याने नगरपालिकांना त्यांच्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार दिला. सक्तीच्या शिक्षणाचा ब्रिटिश हिंदुस्थानातला हा पहिला कायदा, आणि तो शहरांसाठी होता, खेड्यांसाठी नव्हता. पुढे १९२३चा आणि मग १९४७चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम आला. या १९४७च्या कायद्यात एक शब्द आहे, 'अधिकृत नगरपालिका'. ज्या नगरपालिकेला शासनाने अधिकृत ठरवलं, तिच्या हद्दीतल्या प्राथमिक शाळा तिच्या ताब्यात. जी अधिकृत नाही, तिच्या हद्दीत जिल्ह्याची यंत्रणा, म्हणजे नंतरची जिल्हा परिषद. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांत दोन तऱ्हा दिसतात. तुमचे उमेदवार शेजारच्या गावात खरे ठरले असते.

अधिकृत नगरपालिकेत शिक्षण मंडळ असायचं. त्याला सभापती, सदस्य आणि शासनाचा प्रशासन अधिकारी. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, खडू-फळ्यापासून इमारतीपर्यंत सगळं मंडळाकडे. शिक्षण हक्क कायदा आल्यावर शासनाने २०११ साली ही मंडळं रद्द करायचं ठरवलं आणि २०१३पासून, मुदत संपेल तशी, ती गेली. अधिकार नगरपालिकेकडे आले, म्हणजे व्यवहारात मुख्याधिकाऱ्यांकडे.

मंडळं गेली त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. बदल्यांचा बाजार मी डोळ्यांनी बघितला आहे. सभापतींच्या घरचं लग्न म्हटलं की शिक्षक वाढपी म्हणून हजर. ते गेलं ते बरंच झालं. पण एक गोष्ट सोबत गेली. मंडळाची दर महिन्याला सभा असायची आणि तिथे फक्त शाळांचाच विषय असायचा. छप्पर गळतं म्हणून मी चार वेळा सभेत उभा राहिलो आणि पाचव्या वेळी पत्रे आले. आज नगरपालिकेच्या सभेत पाणी, गटार, कचरा, रस्ता, अतिक्रमण एवढं सगळं झाल्यावर शाळेचा नंबर. तोवर लोक उठलेले असतात.

---

हिशेबनीस | १० जानेवारी, दुपारी १:२०

आबा मास्तरांनी कारभार सांगितला, मी पैशाचं सांगतो. मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात आहे, इतकंच सांगतो.

शिक्षकांच्या पगाराचा मोठा भाग शासनाच्या वेतन अनुदानातून येतो, उरलेला हिस्सा नगरपालिकेने घालायचा. पाठ्यपुस्तकं, गणवेश हे समग्र शिक्षा योजनेमधून. पोषण आहार वेगळ्या योजनेतून, त्यात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. इमारतीची दुरुस्ती, वीजबिल, नळ, संडासाची सफाई, शिपाई हे मात्र नगरपालिकेचं. म्हणजे दिसणारी शाळा जवळपास सगळी नगरपालिकेच्या खिशावर.

आता ज्याची कोणाला कल्पना नसते ती गोष्ट. घरपट्टीचं बिल काढून बघा. त्यात 'शिक्षण कर' अशी एक ओळ असते. लोकांना वाटतं हा आपल्या गावातल्या शाळांसाठी. तसं नाही. हा कर १९६२च्या महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी कर कायद्याचा. नगरपालिका तो फक्त गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. काही गावांत नगरपालिकेचा स्वतःचा विशेष शिक्षण कर असतो, तो वेगळा आणि तो गावात राहतो. बिलावर दोन ओळी आहेत की एक, ते नीट बघावं.

---

नदीकाठचा | १० जानेवारी, रात्री ८:०५

बिल काढलं. एकच ओळ आहे.

वीस वर्षं हा कर भरतोय आणि मनात समजत होतो की शाळा क्रमांक चारच्या खडूला माझे दोन पैसे लागत असतील. राज्याला पैसे जातात याचा राग नाही, राज्यच पगार देतं हे आता कळलं. पण गावाने शाळेसाठी म्हणून वेगळं काहीच बाजूला काढलेलं नाही, याचं वाईट वाटतंय. हिशेबनीस, अर्थसंकल्पात शाळा दुरुस्तीला काही असतं का?

---

हिशेबनीस | १० जानेवारी, रात्री ९:३०

असतं. लेखाशीर्षही, म्हणजे त्या खर्चाचं वेगळं खातंही, असतं आणि त्यात रक्कमही असते. वर्षाअखेरीला ती बहुधा तशीच पडून राहते किंवा दुसरीकडे वळते. कारण खर्च व्हायचा तर कुणीतरी मागणी करावी लागते, अंदाजपत्रक करून घ्यावं लागतं, अभियंत्याच्या मागे लागावं लागतं. रस्त्याच्या मागे नगरसेवक असतो. शाळेच्या मागे मुख्याध्यापक. त्यांना स्वतःचा वर्ग असतो, आणि मागे लागायला नगरपालिकेत यायचं तर शाळा सोडून यावं लागतं.

---

फळा_खडू | ११ जानेवारी, सकाळी ७:१०

मी अशाच एका शाळेत शिकवते. पट ४१, पहिली ते चौथी, आम्ही दोघी.

शिक्षण हक्क कायद्यात तीस मुलांमागे एक शिक्षक, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत तक्ता आहे तो कोणी वाचत नाही. पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे साठ मुलं असली तरी चार इयत्तांना आम्ही दोघीच. कागदावर आमच्याकडे वीस मुलांमागे एक शिक्षक आहे, अगदी परदेशासारखं. प्रत्यक्षात माझ्यापुढे पहिली आणि दुसरी एका खोलीत. पहिलीला 'क' गिरवायला देऊन दुसरीची वजाबाकी घ्यायची, तेवढ्यात पहिलीतलं कोणी रडतं.

त्यात माझ्या जोडीदारीण बाई बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या अधिकारी, आहेत. मतदार यादी, निवडणूक, सर्वेक्षण. कायद्याने शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देता येतात, पण त्यातली निवडणूक दर वर्षी कुठली ना कुठली असतेच. त्या बाहेर असल्या की चारही इयत्ता माझ्याकडे.

आणि मग ३० सप्टेंबर. त्या दिवसाच्या पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे पुढे किती शिक्षक मिळायचे ते. कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे पट ६१ झाला तर तिसरा शिक्षक. आमचा मागच्या वर्षी ५८ होता. तीन मुलं कमी पडली म्हणून तिसरी बाई आली नाही. दोन बाई बघून पालकांनी दाखले काढून नेले, आणि पट ४१ वर आला. कुठल्या टोकाला धरून ओढायचं ते सांगा.

---

बाजारपेठ_७२ | ११ जानेवारी, सकाळी ११:४५

इथे सगळे एका बाजूने बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू लिहितो. राग मानू नका.

माझं दुकान नगरपालिकेच्या एका शाळेसमोर आहे. साडेदहाच्या शाळेला अकराला येणारे शिक्षक मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. दुपारच्या सुट्टीनंतर फाटकाला कुलूप लागलेलंही पाहिलं आहे. कायम शिक्षकांना आज चांगले पगार आहेत, माझ्या दुकानातल्या मुलाला त्याच्या चौथा हिस्सा मिळत नाही, आणि तो आपल्या मुलीला फी भरून खासगी शाळेत पाठवतो. त्या शिक्षकांची स्वतःची मुलं कुठे शिकतात? एकाचंही मूल त्याच्या शाळेत नाही. ज्याला आपल्या स्वयंपाकावर विश्वास नाही त्याच्याकडे मी का जेवावं?

---

आबा_मास्तर | ११ जानेवारी, दुपारी ४:००

बाजारपेठ, राग नाही. तुम्ही सांगताय तसे शिक्षक माझ्या हाताखालीही होते. दोघांना मी लेखी दिलं. पुढे काय झालं? कारवाई करायचे अधिकार ज्यांच्याकडे त्यांचं कार्यालय दुसऱ्या गावात. माझं पत्र फायलीत गेलं आणि मी सेवानिवृत्त झालो.

माझी दोन्ही मुलं माझ्याच शाळेत शिकली, हे अभिमानाने सांगतो. पण सगळ्यांकडून तशी अपेक्षा करताना एक लक्षात ठेवा. बहुतेक नगरपालिका शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपतात. पुढचं हायस्कूल संस्थेचं, आणि संस्थेचा स्वतःचा प्राथमिक विभाग असतो. पाचवीला जागा मिळेल का या धास्तीने पालक पहिलीलाच तिकडे घालतात. शिक्षकही पालकच.

---

फळा_खडू | ११ जानेवारी, सायंकाळी ६:३०

बाजारपेठदादा, माझा मुलगा माझ्या शाळेत तिसरीत आहे. एक तरी आहे हे नोंदवून ठेवा.

अकराला येणाऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यांच्यामुळे आमचीही मान खाली जाते. पण तुम्ही इतकी वर्षं समोर बसून बघताय, तर शाळा व्यवस्थापन समितीत या. समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. आमच्या समितीच्या सभेला सह्या बारा असतात आणि माणसं तीन. दुकानातल्या त्या मुलासारखा एखादा बाप सभेत बसून "बाई, काल उशीर का झाला" असं विचारू लागला तर कोण उशिरा येईल?

---

बाजारपेठ_७२ | ११ जानेवारी, रात्री १०:००

ताई, माझं मूल तिथे नाही, मग मला समितीत कसं घेतील? पण तुमच्या मुलाचं वाचून बरं वाटलं. मागचा स्वयंपाकाचा शब्द तुमच्यापुरता परत घेतो.

---

करवीरकर | १२ जानेवारी, सकाळी ९:१५

कोल्हापुरातून लिहितोय. आमचं शहर महापालिकेचं आहे, नदीकाठच्या गावापेक्षा बरंच मोठं. तरी सांगण्यासारखं आहे.

आमच्याकडे गुढीपाडव्याला महापालिकेच्या शाळेत मुलाचं नाव घालायची रीत आहे. जरगनगरला लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर म्हणून महापालिकेची शाळा आहे. तिथे पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून पालक रांगेत बसतात. हो, महापालिकेच्या मराठी शाळेसाठी रांग. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत त्या शाळेची मुलं दर वर्षी ठळक दिसतात, आणि ती मुलं काही साहेबांची नसतात. माझ्या बहिणीचा मुलगा तिथला आहे. त्याचे वडील सेंट्रिंगची कामं करतात.

मी विचार केला की तिथे असं वेगळं काय आहे. इमारत राजवाडा नाही. पण पट मोठा, म्हणून प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक, तुकड्याही अनेक. फळा_खडू ताईंनी जे चक्र सांगितलं तेच उलट्या दिशेने फिरलेलं दिसतं. मुलं आहेत म्हणून शिक्षक, शिक्षक आहेत म्हणून निकाल, निकाल आहे म्हणून मुलं. पहिला धक्का दिला तो शिक्षकांनीच. सुट्टीच्या दिवशी, शाळेआधी, शाळेनंतर तास घेत राहिले.

आमच्याकडे शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि तेव्हाचा रुपया म्हणजे काय ते आजोबांना विचारा. त्याच शहरात आज लोक आपणहून रात्र जागून काढतात. एवढं म्हणायचं आहे की सरकारी शाळा म्हणजे नाइलाज, हा काही नियम नाही. अर्थात हेही खरं की आमच्या शहरात महापालिकेच्याच दुसऱ्या काही शाळांचा पट हाताच्या बोटांवर आला आहे. एका शाळेच्या रांगेने त्यांचं काही भलं होत नाही.

---

शिकलगार_गल्ली | १२ जानेवारी, दुपारी २:५०

आमच्या गावात नगरपालिकेच्या उर्दू शाळेचा पट ३००च्या वर आहे. मुलं दोन पाळ्यांत बसतात, तरी व्हरांड्यात वर्ग भरतो. भिंतीला लागून मराठी शाळा, तिथे पट २६ आणि पाच खोल्या बंद. आम्ही दोन खोल्या मागितल्या. अर्ज तीन वर्षं झाले फिरतोय. मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांची ना नाही, ते स्वतः सही करून देतात. फक्त कोणाच्या सहीने किल्ली मिळते ते कळत नाही. नदीकाठचा यांच्या छपरासारखंच.

---

आकडेवाला | १२ जानेवारी, रात्री ११:२०

तिसऱ्या प्रश्नाचं कोणी बोललं नाही. मुलं शिकतात का?

२००५पासून 'असर'चे अहवाल येतात. घरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणित करायला देतात. त्यावरून वर्तमानपत्रांत मथळे येतात. पण 'असर' ग्रामीण भागाचं सर्वेक्षण आहे. नगरपालिकेच्या हद्दीतलं मूल त्यात येत नाही. केंद्राचं २०२१चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि २०२४चं 'परख' ही नमुना सर्वेक्षणं, निकाल जिल्ह्याचा. तुमचं गाव त्या जिल्ह्याच्या आकड्यात विरघळून जातं. मोठ्या महापालिकांचे अभ्यास होतात, खेड्यांचे होतात. मधली साठ-सत्तर हजार वस्तीची गावं दोन्हींच्या फटीत पडतात. त्यांच्या शाळांबद्दल गावालाच काही माहीत नसतं याचं एक कारण हे.

पट, शिक्षक, खोल्या, संडास एवढं मात्र घरबसल्या बघता येतं. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो, आणि यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या भागात शाळेचं पान उघडतं. गावातल्या सगळ्या शाळांचा पाच वर्षांचा पट एका कागदावर मांडा. कुठल्या इयत्तेला मुलं गळतात ते दिसेल. माझा अंदाज असा की चौथीनंतरची गळती सगळ्यांना माहीत असते, पण खरा खड्डा पहिलीलाच असतो. सानिकाच्या आईने लिहिलंय तो.

आणि शिकण्याचं म्हणाल तर 'असर'ची पद्धत कोणालाही वापरता येते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकीने भागाकार. एका मुलाला दहा मिनिटं लागतात. ३८ मुलांची शाळा दोन सकाळींत होते. फक्त ते शिक्षकांना सोबत घेऊन करा. तपासणीला आल्यासारखे गेलात तर मुलंही घाबरतील आणि बाईही.

---

चार्ल्सकाठचा | १३ जानेवारी, पहाटे ५:३०

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या शहरात राहतो. तुलना करायची नाही, पैशाची तर नाहीच. फक्त कारभाराची एक गोष्ट सांगतो.

इथे शाळांसाठी वेगळी निवडून आलेली समिती असते. सुपरिंटेंडंट म्हणजे शाळांचा मुख्य अधिकारी, त्याला ही समितीच नेमते आणि काढतेही. सभेची विषयपत्रिका कायद्याने ४८ तास आधी लावावी लागते, आणि शाळांचा अर्थसंकल्प मंजूर करण्याआधी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. मागच्या वर्षी एका शाळेतली ग्रंथपालाची जागा कमी करायचं घाटत होतं. सुनावणीला तिसरीतल्या मुली उठून बोलल्या आणि जागा राहिली.

इथेही दुखणी आहेत. चांगल्या शाळांच्या गावात घरं इतकी महाग की गरीब तिथे राहूच शकत नाही. मग शाळा सार्वजनिक असूनही दार बंदच. पण आबा मास्तर म्हणाले ती महिन्याची सभा, फक्त शाळांच्या विषयाची, ती इथे आहे. तिचं मोल मला त्यांचं लिहिलेलं वाचून कळलं.

---

पायरीवरची | १३ जानेवारी, दुपारी १२:१०

मी एकेकाळी नगरसेविका होते, एकच मुदत. पहिल्या सभेनंतर समित्या वाटल्या तेव्हा बांधकाम आणि पाणीपुरवठ्यासाठी भांडणं झाली. शिक्षण समिती मला मिळाली, कारण दुसऱ्या कोणाला नको होती. चार्ल्सकाठचा, आपल्याकडेही शाळांची समिती आहे हो. १९६५च्या नगरपरिषद कायद्यातल्या विषय समित्यांमध्ये शिक्षणाची समिती आहे. फक्त तिची सभा बोलवावी लागते.

मी काय केलं ते सांगते, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. आधी अकरा शाळा पायी फिरले. पाच शाळांत मुलींच्या संडासाला दार नव्हतं. सभेत भाषण केलं, टाळ्या पडल्या, दार बसलं नाही. मग एका जुन्या मुख्याध्यापकांनी सांगितलं की शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेच्या समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तो आराखडा काढायला लावा, त्यात दारं लिहा, समितीचा ठराव जोडा आणि अर्थसंकल्प सभेपुढे यायच्या आधी नगरपालिकेत आवक क्रमांक, म्हणजे कागद मिळाल्याची नोंद, घेऊन द्या. आवक क्रमांक पडला की ती मागणी होते, नुसतं गाऱ्हाणं राहत नाही.

फेब्रुवारीत अर्थसंकल्प सभेपुढे आल्यावर मी ते अकरा ठराव टेबलावर ठेवले. अकरापैकी सातांचं काम त्या वर्षी झालं. दारं लावली त्या दिवशी एका शाळेतल्या सातवीच्या मुलीने मला थांबवून सांगितलं, "मॅडम, आता मी पाणी पिते." आधी ती सकाळपासून पाणी प्यायची नाही. मी पाच वर्षांत गटारं केली, दिवे लावले, त्यातलं मला काही आठवत नाही. हे आठवतं.

पुढे प्रशासकांचा काळ आला. निवडणुका नाहीत, सभा नाहीत, समित्या नाहीत. ती वर्षं शाळांच्या बाजूने विचारणारं कोणीच नव्हतं. आता नवी माणसं आली आहेत, समित्या बसतील. तुमच्या गावात शिक्षण समिती कोणाला मिळते ते बघा आणि त्या माणसाला पहिल्या आठवड्यातच गाठा. जानेवारी अर्धा गेला आहे. वेळ कमी आहे.

---

सानिकाची_आई | १३ जानेवारी, दुपारी १:००

पायरीवरच्या ताई, त्या आराखड्यात बालवाडी लिहिता येते का?

---

पायरीवरची | १३ जानेवारी, दुपारी १:२५

लिहा. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, शाळा शिक्षणाकडे, म्हणून दोन्हीकडून नाही म्हणतील. पण खोली नगरपालिकेची रिकामी आहे आणि मुलं गल्लीत आहेत. रिकामी खोली द्या असं लिहा, एवढा एकच मुद्दा. अंगणवाडी केंद्राला जागा हवीच असते, भाड्याच्या खोलीत अडकलेली कितीतरी आहेत. तुमच्या भागात नवीन केंद्र मिळणार नाही म्हणाले तर शेजारच्या प्रभागातलं भाड्याचं केंद्र इथे हलवायचं विचारा.

---

नदीकाठचा | १७ जानेवारी, रात्री १०:३०

चार दिवस लिहिलं नाही, कारण शाळेत जात होतो.

बाईंनी कपाट उघडून शाळा विकास आराखडा दाखवला. आहे. दर वर्षी तोच मजकूर, वर बदललेलं साल. त्यात छप्पर आहे, अगदी पहिल्या कलमात, पण कागद शाळेतच राहिला. बाहेर गेलाच नाही. बाई म्हणाल्या, "कुठे द्यायचा ते कोणी सांगितलं नाही, आणि आमच्याकडे कोणी मागितलाही नाही."

यूडायसवरून गावातल्या नऊही शाळांचा पट काढला. आकडेवाल्यांचा अंदाज बरोबर निघाला, खड्डा पहिलीलाच आहे. आपल्या शाळेत चौथीला १४ मुलं, पहिलीला ६.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा येत्या गुरुवारी चार वाजता ठेवली आहे. माझं मूल तिथे नाही, त्यामुळे सदस्य नाही, पण बाईंनी माजी विद्यार्थी म्हणून बसायला बोलावलं आहे. बाजारपेठ, तुम्हीही तुमच्या समोरच्या शाळेत असंच विचारून बघा. आराखडा नव्याने लिहायचा आहे. छपराचे पत्रे, मागच्या दोन खोल्या, त्यातली एक अंगणवाडीला. सानिकाच्या आईंनी आपल्या गल्लीतल्या तीन वर्षांच्या अकरा मुलांची नावं पाठवली आहेत (हो, आम्ही एकाच गावचे निघालो), ती जोडणार आहे.

हिशेबनीस, एक सांगा. पत्र्यांचं अंदाजपत्रक अभियंत्याकडून करून घ्यायला समितीचा ठराव पुरतो का, की मुख्याधिकाऱ्यांच्या नावे वेगळा अर्ज लागतो? गुरुवारच्या आत कळलं तर सभेतच सह्या घेता येतील.

---

हिशेबनीस | १७ जानेवारी, रात्री ११:०५

वेगळा अर्ज द्या, ठराव त्याला जोडा. तीन प्रती काढा. एक मुख्याधिकारी, एक प्रशासन अधिकारी, एक तुमच्याकडे. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. अर्जात खोलीची लांबी-रुंदी आणि पत्र्यांची संख्या लिहा, म्हणजे अभियंत्याला जागेवर यावंच लागतं. मोजमाप गुरुवारच्या आधी घेऊन ठेवा.